गज की मिजराब?

वसईच्या चर्चमधल्या गायकवृंदात लहानपणी माझ्या हाती व्हायोलिन आले. पुढे नोकरी, विरार लोकल आणि संसार यांतून वेळ चोरून ते हौसेपुरते टिकले. आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर सतार शिकावी असे मनाने घेतले आहे. घरच्यांचे म्हणणे एकच की, एक धड येत नाही, तर दुसरे कशाला? उत्तर सुचेना, तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेब आठवले.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेतल्या कैराना गावचा. घराणे गवयांचे आणि सारंगियांचे. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. सारंगीची तार नखाच्या मुळाशी रोखायची आणि गजाने घासायची. सूर अखंड वाहतो. पण त्या काळी सारंगीवाल्याने गवयाच्या मागे बसायचे, मान दुय्यम. खाँसाहेब गवई झाले, तरी तारांचा नाद सुटला नाही. ते बीनही वाजवीत. तिथे गज नाही. तार छेडायची, आणि छेडताक्षणी सूर विरू लागतो. एक वाद्य सूर धरून ठेवायला शिकवते, दुसरे तो सोडून द्यायला. त्यांच्या संथ आलापीत मला ही दोन्ही वाद्ये ऐकू येतात.

बडोद्याच्या दरबारात असताना ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. पण १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुले. वडिलांचे नाव न लावता मोठी झाली. जगाला सूर देणाऱ्या माणसाचे घर मात्र बेसूर झाले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीला निघालेल्या खाँसाहेबांना गाडीत अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तिथेच ईश्वराची आळवणी करीत त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात ते विसावले आहेत.

वाचकहो, त्यांच्यापुढे मी कोण! तरी एक उमगले. दुसऱ्या वाद्याने पहिले बिघडत नाही, उलट त्याचा कान तयार होतो. बिघडते ते घर, आपण घरच्यांना विसरलो तर. त्यांची कुरकुर सतारीवर नव्हतीच. नोकरीनंतर तरी माझा वेळ त्यांच्या वाट्याला यावा, एवढीच होती.

म्हणून ठरवले आहे की आठवड्यातले दोनच दिवस सतारीचे, उरलेल्या संध्याकाळी माझ्या माणसांच्या. पुढच्या महिन्यात मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाणार आहे. तिकिटे दोन काढली आहेत. सतारीचा भोपळा कोणता घ्यायचा, ते घरचेच माणूस ठरवणार आहे.