समजून घ्या : गोल्फची ‘वेज’ किती दिवसांनी बदलायची? वाळूशी झगडलेल्या जीन सॅराझेन यांची गोष्ट

औसा : नांगराचा फाळ झिजला की नांगर वरवर चालतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. मातीशी घासणाऱ्या प्रत्येक लोखंडाला वय असतं. गोल्फच्या बॅगेतही असंच एक हत्यार असतं. त्याचं नाव ‘वेज’.

औसा-लातूरकडच्या बहुतेकांसाठी गोल्फ हा मोबाईलवर दिसणारा खेळ. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं आणि ती चौथी आली, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदाच या खेळाकडे लक्ष दिलं. त्यानंतर खेळायला सुरुवात केलेल्यांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, महागडी वेज बदलायची कधी? उत्तर समजून घ्यायचं असेल, तर सँड वेज लोकप्रिय करणाऱ्या माणसाची गोष्ट आधी वाचायला हवी.

कोण होते जीन सॅराझेन?

जन्म २७ फेब्रुवारी १९०२, न्यूयॉर्क राज्यातलं हॅरिसन गाव. मूळ नाव युजेनिओ साराचेनी. वडील इटलीतून आलेले सुतार. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे आठव्या वर्षापासून पोरगा गोल्फ मैदानावर श्रीमंतांच्या बॅगा उचलू लागला. या कामाला ‘कॅडी’ म्हणतात.

मुलानं सुतारकाम करावं, ही वडिलांची इच्छा. पण किशोरवयात न्यूमोनियानं तो मरता मरता वाचला. बंद जागेतलं काम सोडून मोकळ्या हवेत राहा, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. मोकळ्या हवेतलं त्याला येणारं काम एकच होतं, ते म्हणजे गोल्फ. पुढे पेपरात छापलेलं स्वतःचं नाव त्याला व्हायोलिनवादकासारखं वाटलं, म्हणून त्यानं ते बदलून जीन सॅराझेन केलं.

वयाच्या विसाव्या वर्षी, १९२२ मध्ये, सॅराझेन यांनी यूएस ओपन आणि पीजीए या दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९२३ मध्ये पुन्हा पीजीए. त्यानंतर मात्र तब्बल नऊ वर्षं एकही मोठी स्पर्धा हाती लागली नाही. त्यांची एक दुखरी बाजू होती : बंकर, म्हणजे मैदानातले वाळूचे खड्डे.

वाळूतली अडचण नेमकी काय होती?

त्या काळी वाळूतून चेंडू काढायला ‘निब्लिक’ नावाचा क्लब वापरत. त्याची खालची कड पातळ होती. जोरात मारला की ती फाळासारखी वाळूत रुतायची आणि चेंडू तिथंच राहायचा. त्यावर उपाय म्हणून चमच्यासारख्या खोलगट तोंडाचे क्लब आले होते, पण १९३१ मध्ये नियमानं त्यांच्यावर बंदी आली.

सॅराझेन तेव्हा विमान चालवायला शिकत होते. विमान उड्डाण घेताना शेपूट खाली जातं आणि नाक वर उचललं जातं, हे त्यांनी पाहिलं. क्लबची मागची बाजू खाली आली, तर पुढची कड रुतणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. फ्लोरिडातल्या न्यू पोर्ट रिची इथं त्यांनी निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूनं डाग देऊन धातू चढवला, कानसीनं घासला, वाळूत मारून पाहिला आणि पुन्हा घासला.

फरक आपल्या भाषेत सांगायचा तर असा : फाळ जमिनीत खोल शिरतो, वखराची पास वरच्या थरातून सरकत जाते. सॅराझेन यांनी फाळाची पास केली. तळाच्या या फुगीर कोनाला आज ‘बाउन्स’ म्हणतात. क्लब चेंडूच्या मागून वाळूत शिरतो, घसरत पुढे जातो आणि वाळूसकट चेंडू बाहेर उडवतो.

१९३२ मध्ये काय घडलं?

ब्रिटिश ओपन इंग्लंडमध्ये सँडविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर होती. नवा क्लब दिसला तर त्यावरही बंदी येईल, या भीतीनं सॅराझेन तो बॅगेत उलटा ठेवत आणि रात्री कोटाखाली लपवून खोलीवर नेत.

या स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली. स्किप डॅनियल्स हे तिथले म्हातारे, आजारी, नजर अधू झालेले कॅडी. १९२८ मध्ये त्यांचा सल्ला डावलल्यामुळे सॅराझेन यांच्या हातची स्पर्धा गेली होती. यावेळी त्यांनी आधी दुसरा, तरुण कॅडी घेतला. त्याच्याशी जमेना, तेव्हा ते पुन्हा डॅनियल्सकडे गेले. सॅराझेन पाच फटक्यांनी जिंकले. काही महिन्यांतच डॅनियल्स वारले.

ब्रिटिश ओपननंतर दोनच आठवड्यांत सॅराझेन यांनी यूएस ओपनही जिंकली. पुढे विल्सन कंपनीनं ‘आर-९०’ नावानं सँड वेज बाजारात आणली. १९३५ मध्ये मास्टर्स जिंकून ते चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारे पहिले खेळाडू ठरले. आजवर फक्त सहा पुरुषांना हे जमलं आहे.

वेज झिजते म्हणजे काय होतं?

बाउन्स हा तळाचा आकार आहे, तो सहजासहजी जात नाही. आधी झिजतात त्या तोंडावरच्या आडव्या खाचा. त्यांचं काम टायरच्या नक्षीसारखं : ओलं गवत आणि पाणी बाजूला सारून चेंडूला पकड द्यायची. पकड मिळाली की चेंडू उलटा फिरतो आणि पडल्यावर लवकर थांबतो.

वाळूतलं क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण असतं. त्यामुळे बंकरमधला प्रत्येक फटका म्हणजे वेजला पॉलिश पेपर मारण्यासारखं. खाचांच्या कडा गोल झाल्या की फिरकी कमी होते आणि चेंडू पडल्यावर लांब घरंगळतो. खेळाडूला वाटतं, आपला फटका बिघडला.

मग कधी बदलायची?

वेज बनवणारे साधारण ७५ फेऱ्यांचा ठोकताळा सांगतात. एक फेरी म्हणजे १८ होल. हिशेब असा :

• आठवड्याला एकदा खेळत असाल तर सुमारे दीड वर्ष
• महिन्यातून दोनदा खेळत असाल तर सुमारे तीन वर्षं
• महिन्यातून एकदाच खेळत असाल तर सहा वर्षांच्या आसपास

वर्षं मोजू नका, फटके मोजा. बंकरमध्ये खूप सराव करत असाल तर हा काळ कमी धरा. व्यावसायिक खेळाडू काही महिन्यांतच वेज बदलतात.

घरच्या घरी तपासायचं तर खाचेवरून नख आडवं फिरवा. कड लागली नाही, तर झीज झाली. सगळ्या वेज एकदम घ्यायची गरज नाही, जी जास्त वापरता ती आधी बदला. खाचा घासून पुन्हा धारदार करण्याचा मोह टाळा. नैसर्गिक झीज नियमात चालते, पण मुद्दाम केलेल्या बदलानं क्लब स्पर्धेसाठी बाद ठरू शकतो.

शेवटपर्यंत साथ

१९७३ मध्ये ७१ वर्षांचे सॅराझेन स्कॉटलंडमधल्या ट्रून इथं ब्रिटिश ओपन खेळले. आठव्या होलवर पहिल्या दिवशी त्यांचा पहिलाच फटका थेट होलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी त्याच होलवर चेंडू बंकरमध्ये पडला. तिथून मारलेला पुढचा फटकाही थेट आत गेला.

१३ मे १९९९ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ज्या वाळूनं नऊ वर्षं अडवलं, तिच्यावरचा त्यांचा उपाय आज जगभरातल्या गोल्फ बॅगांमध्ये आहे. तुमच्याही बॅगेत असेल, तर आज एकदा तिच्यावरून नख फिरवून पाहा.