सागराचा साक्षीदार

नॉर्वे देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर लार्विक नावाचे एक गाव आहे. तेथे ६ ऑक्टोबर १९१४ रोजी थॉर हेयरडाल यांचा जन्म झाला. त्यांच्या आईला प्राणिशास्त्राची मोठी आवड होती. तीच आवड थॉर यांनाही लागली आणि लहानपणीच त्यांनी घरी प्राण्यांचे एक छोटे संग्रहालय मांडले. पाण्याचे मात्र त्यांना फार भय वाटे, कारण बालपणी दोनदा ते बुडता बुडता वाचले होते. हाच मुलगा पुढे महासागर ओलांडील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

विद्यापीठात प्राणिशास्त्र व भूगोल यांचे अध्ययन करून १९३७ साली ते पत्नीसह पॅसिफिक महासागरातील फातू हिवा या दूरच्या बेटावर गेले. तेथे वारे आणि लाटा बहुधा पूर्वेकडून येत. पूर्वेस हजारो किलोमीटरांवर दक्षिण अमेरिका होती. तेथील प्राचीन लोक या प्रवाहांबरोबर तराफ्यांवरून येथे आले असतील, असा तर्क त्यांच्या मनात आला. विद्वानांनी तो मानला नाही. तेव्हा हेयरडाल यांनी स्वतःच तसा प्रवास करून पाहण्याचे ठरविले.

बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे नऊ मोठे ओंडके दोरांनी बांधून त्यांनी एक तराफा सिद्ध केला. त्याला ‘कॉन-टिकी’ असे नाव दिले. २८ एप्रिल १९४७ रोजी पाच सोबत्यांसह ते पेरू देशाच्या किनाऱ्यावरून निघाले. १०१ दिवसांनी तराफा रारोइया बेटाजवळच्या प्रवाळांच्या खडकावर आदळला. परंतु सर्वजण सुखरूप राहिले. त्या बेटांवरचे लोक मूळचे आशियाकडून आले, असेच संशोधक आजही मानतात. तरीही एक गोष्ट या प्रवासाने सिद्ध झाली. सागर दोन भूमींना केवळ दूर ठेवीत नाही. तो एका किनाऱ्यावरची वस्तू दुसऱ्या किनाऱ्यावर नेऊनही पोहोचवितो.

या सत्याची दुसरी बाजू त्यांना पुढे दिसली. १९६९ साली पपायरस नावाच्या लव्हाळ्याची ‘रा’ ही नौका घेऊन ते मोरोक्कोहून अटलांटिक महासागरात शिरले. ती नौका वाटेतच मोडली. ते खचले नाहीत. १९७० साली ‘रा-२’ ही नवी नौका घेऊन ते ५७ दिवसांत बार्बाडोस बेटावर पोहोचले.

मोठ्या जहाजाच्या उंच कठड्यावरून जे दिसत नाही, ते या बुटक्या नौकेवरून दिसत होते, कारण पाणी अगदी हाताशी होते. १९४७ साली त्यांनी निर्मळ सागर पाहिला होता. आता भरसमुद्रात डांबरासारखे तेलाचे काळे गोळे तरंगत होते आणि मधूनमधून प्लास्टिकची डबडीही वाहत येत होती. ५७ दिवसांपैकी ४३ दिवस ते गोळे दिसले. हेयरडाल यांनी त्यांची रोज नोंद ठेविली, नमुने गोळा केले आणि संयुक्त राष्ट्रसंघाला वृत्तान्त सादर केला. सागर अथांग आहे, तो सारे काही पोटात घेतो, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. त्यांच्या नोंदींनी तिला धक्का दिला. पुढे जगातील राष्ट्रांनी नियम केले आणि १९८८ च्या अखेरीपासून जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास बंदी आली.

१८ एप्रिल २००२ रोजी इटलीत हेयरडाल यांचे निधन झाले.

पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात हेंडरसन नावाचे निर्जन बेट आहे. मोठी लोकवस्ती तेथून ५,००० किलोमीटरांहूनही दूर आहे. २०१५ साली शास्त्रज्ञांनी तेथील किनाऱ्यांची पाहणी केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्या बेटावर प्लास्टिकचे सुमारे ३ कोटी ७७ लाख तुकडे होते. त्यांतील काही वस्तू दक्षिण अमेरिकेतील होत्या. ‘कॉन-टिकी’ला वाहून नेणारे प्रवाह ज्या महाचक्राचा भाग आहेत, तेच चक्र हा कचरा तेथे आणून टाकते. लाकूड कुजते, दोर झिजून जातात. प्लास्टिकचे मात्र तुकडे होत राहतात, ते नाहीसे होत नाही. म्हणून ओढ्यात टाकलेली एखादी पिशवी नदीला मिळते, नदीतून सागरात जाते, आणि जेथे माणसाचे पाऊलही पडले नाही तेथे त्याचा कचरा आधी पोहोचतो.