गानसम्राट अल्लादियाखाँ

राजस्थानातील उनियारा येथे १८५५ साली एका गवयाच्या घरी अल्लादियाखाँ यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले, तेव्हा चुलते जहांगीरखाँ यांनी त्यांना विद्या दिली. ही विद्या पुस्तकातली नव्हती. गुरूने गावे, शिष्याने ऐकून तसेच गावे आणि ते गळ्यात पक्के बसेपर्यंत पुढचे मागू नये, अशी तिची रीत होती. धृपद-धमाराची अनेक वर्षे मेहनत करून ते ख्याल गाऊ लागले, आणि त्यांचा लौकिक पसरला.

पण ऐन उमेदीत त्यांच्यावर संकट कोसळले. आमलेटा येथील संस्थानिकांच्या आग्रहामुळे दिवसामागून दिवस गावे लागले, आणि त्यांचा आवाज बसला. तो पुन्हा पूर्वीसारखा खुलला नाही. गवयाचा आवाज जाणे म्हणजे धनुर्धराचा अंगठा तुटणेच होय! तरीही खाँसाहेबांनी तंबोरा खाली ठेवला नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. तिच्यातील ताना वळणावळणाने जात, पण लयीचा हात कधी सोडीत नसत. अनवट रागांचे तर त्यांच्यापाशी भांडारच होते.

पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गवई नेमले. १९२२ मध्ये महाराज निवर्तले, तोवर ते कोल्हापुरातच राहिले. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या नामवंत गायकानेही त्यांचे शिष्यत्व पत्करले.

१९१९ च्या सुमारास औषधोपचारासाठी खाँसाहेब सांगलीस गेले होते. तेथे रस्त्याने जाताना त्यांना एका मुलीचा रियाज ऐकू आला. ती पोरकी मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. साठी उलटलेला तो थोर कलावंत आपण होऊन तिच्या दारी गेला व तिला शिकवू लागला. आपले गुरू कोण, हे तिला काही दिवस ठाऊकच नव्हते!

मुंबईत आल्यावर त्यांनी केसरबाई केरकर यांना कडक तालीम दिली. मुलगा मंजीखाँ १९३७ मध्ये वारला. म्हातारपणी हा घाव त्यांना सोसावा लागला. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

खाँसाहेबांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांची गायकी टिकली ती शिष्यांच्या कंठात. धाकटे पुत्र भुर्जीखाँ यांनी ती मल्लिकार्जुन मन्सूर यांना दिली, तर मोगूबाईंनी आपली कन्या किशोरी आमोणकर यांना. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांच्याबरोबर पृथ्वीवरील संगीताची जी तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे.