पिंजऱ्यात ती एकटीच का?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना वडिलांनी घरीच शिकवलं. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला स्वतःच्या बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात तिची जन्मठेप झाली, पुढे ५ वर्षं. वर्तमानपत्रांतून मात्र सगळ्या बायकांवरच ताशेरे! ताराबाई संतापल्या. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्यांनी विधवेचं लग्न नाकारणाऱ्या समाजाला आणि नामानिराळ्या राहणाऱ्या पुरुषाला जाब विचारला. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले.

मैत्रिणींनो, बाळाचा जीव गेला, तो गुन्हाच. कायदाही सगळ्यांना सारखाच हवा. पण शिक्षा ठरवताना तिच्यापुढे दुसरी वाट होती का, हे बघायला नको?