काटकसरीची रायफल, निनावी निर्माता

एप्रिल १८९१ मध्ये रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याने आपल्या सैन्यासाठी नव्या रायफलीला मंजुरी दिली. सरकारी कागदपत्रांत तिचे नाव ‘तीन लाइनची रायफल, नमुना १८९१’ एवढेच नोंदविण्यात आले. त्या काळात एखाद्या शस्त्राला त्याच्या निर्मात्याचे नाव देण्याची प्रथा युरोपभर रूढ होती. रशियाच्या आधीच्या रायफलीलाही बर्डान या अमेरिकी अधिकाऱ्याचे नाव होते. नव्या रायफलीला मात्र कोणाचेच नाव मिळाले नाही. ती प्रामुख्याने ज्यांच्या बुद्धीतून साकारली, त्या कॅप्टन सेर्गेई इव्हानोविच मोसिन यांच्या वाट्याला पदक, बढती आणि ३० हजार रूबल आले. पुढच्या अर्धशतकात या रायफलीच्या तीन कोटींहून अधिक प्रती तयार झाल्या आणि दोन महायुद्धांत ती लढली. तिजोरीत खडखडाट असलेल्या देशाला परवडेल आणि रणांगणावर दगा देणार नाही असे शस्त्र घडविणाऱ्या या माणसाची कहाणी त्या शस्त्राइतकीच चिवट आहे.

मोसिन यांचा जन्म १४ एप्रिल १८४९ रोजी व्होरोनेझ प्रांतातील रामोन या गावी झाला. वडील सैन्यातून निवृत्त झालेले कनिष्ठ अधिकारी होते व एका जमीनदाराच्या इस्टेटीवर कारभारी म्हणून काम पाहात. घरची स्थिती बेताचीच होती. अशा घरातील हुशार मुलाला पुढे येण्यासाठी लष्करी शिक्षण हाच एक मार्ग होता. मोसिन यांनी तो धरला. व्होरोनेझ येथील लष्करी शाळेतून ते सेंट पीटर्सबर्गच्या मिखाइलोव्हस्की तोफखाना विद्यालयात गेले. १८७० मध्ये तेथील शिक्षण पुरे करून ते अधिकारी झाले आणि १८७५ मध्ये तोफखाना अकादमीतून उत्तीर्ण झाल्यावर त्यांची नेमणूक तुला येथील शस्त्रनिर्मिती कारखान्यात झाली. आयुष्यातील पुढची जवळपास १९ वर्षे त्यांनी या शहरात काढली.

तुला हे रशियातील लोहारांचे आणि बंदूक घडविणाऱ्या कारागिरांचे जुने गाव. मोसिन यांच्याकडे तेथील हत्यारशाळेची जबाबदारी आली. ज्या मापांवर आणि गेजवर कारखान्यातील प्रत्येक सुटा भाग तपासला जातो, ती या विभागात तयार होत. एका रायफलीचा भाग दुसरीत बसला पाहिजे, ही गोष्ट कागदावर सोपी दिसत असली तरी ती प्रत्यक्षात आणण्यासाठी किती श्रम आणि किती पैसा लागतो, हे मोसिन यांना येथे उमगले. कोणत्या भागाला सूक्ष्म माप अत्यावश्यक आहे आणि कोठे थोडी ढिलाई चालू शकते, याची जाण त्यांना अकादमीतील पुस्तकांपेक्षा या कामानेच अधिक दिली.

प्लेव्हनाचा धडा

१८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात प्लेव्हना येथे रशियन सैन्याची अपरिमित हानी झाली. तुर्की सैनिकांच्या एका गटाकडे अमेरिकी बनावटीच्या, एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या विंचेस्टर रायफली होत्या. रशियन सैनिकाला मात्र प्रत्येक गोळीनंतर नवे काडतूस हाताने भरावे लागे. युद्ध रशियाने जिंकले, पण मॅगझीन असलेल्या रायफलीवाचून तरणोपाय नाही, हे सेनानींना कळून चुकले.

अडचण पैशाची होती. युद्धाने तिजोरी रिती केली होती. १८७० मध्ये स्वीकारलेली एकेरी गोळीची बर्डान रायफल अजून नवीच होती आणि तशा लक्षावधी रायफली शस्त्रागारांत पडून होत्या. त्या सर्व मोडीत काढून नव्या घेणे अर्थखात्याला मान्य होणे शक्य नव्हते. त्यामुळे १८८३ मध्ये नेमलेल्या समितीने प्रथम जुन्या रायफलीलाच मॅगझीन जोडता येते का, याचा शोध सुरू केला. मोसिन यांनीही याच दिशेने काम आरंभले. त्यांनी बर्डान रायफलीच्या दस्त्यात बसणारे मॅगझीन तयार केले आणि चाचण्यांत ते उजवे ठरले. त्याची वार्ता फ्रान्सपर्यंत गेली. तेथील एका कंपनीने या मॅगझीनच्या हक्कांसाठी सहा लाख फ्रँक देऊ केले. मोसिन यांनी ते नाकारले.

हा नकार किती मोलाचा होता, हे त्यांच्या खासगी आयुष्याकडे पाहिल्यावर लक्षात येते. तुला येथे आल्यानंतर त्यांची ओळख अर्सेन्येव्ह या जमीनदार कुटुंबाशी झाली होती. घरातील तरुण गृहिणी वारवारा निकोलायेव्हना यांचे माहेर तुर्गेनेव्ह घराण्यातले होते. पतीचे संसाराकडे लक्ष नव्हते आणि मुलांचा सांभाळ त्या एकट्याच करीत होत्या. मोसिन आणि वारवारा यांच्यात प्रेम निर्माण झाले. मोसिन यांनी पतीला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. पतीने ते स्वीकारण्याऐवजी वरिष्ठांकडे तक्रार केली आणि मोसिन यांना नजरकैद भोगावी लागली. अखेर घटस्फोटासाठी पतीने ५० हजार रूबलची मागणी केली. कारखान्यातील कॅप्टनला ही रक्कम स्वप्नवतच होती. फ्रेंच कंपनीचा होकार हा या पेचातून सुटण्याचा सरळ मार्ग होता. मोसिन त्या मार्गाने गेले नाहीत आणि दोघांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे लांबत गेली.

काठ असलेले काडतूस आणि एक छोटी पट्टी

दरम्यान, फ्रान्सने सारे गणितच बदलून टाकले. पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये शोधलेल्या धूरविरहित दारूवर आधारित लेबेल रायफल १८८६ मध्ये फ्रेंच सैन्यात दाखल झाली. गोळी लहान, वेग जास्त आणि धुराचा पत्ता नाही. काळ्या दारूवर चालणारी प्रत्येक रायफल एका वर्षात जुनी झाली. बर्डान सुधारण्याचा विचार सोडून रशियालाही नव्या रायफलीकडे वळावे लागले. नळीचा व्यास तीन ‘लाइन’ ठरला. लाइन म्हणजे इंचाचा दहावा भाग. हे माप आजच्या हिशेबात ७.६२ मिलिमीटर होते. रशियन सैनिक या रायफलीला पुढे ‘त्र्योखलिनेयका’, म्हणजे ‘तीन लाइनवाली’, असेच म्हणू लागले.

काडतुसाचा आकार ठरविताना रशियाने आपल्या कारखान्यांची कुवत ओळखली. नव्या पद्धतीच्या काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेला काठ नसे. ती मॅगझीनमध्ये सुबक बसत, परंतु त्यांच्यासाठी नळीचा मागचा कप्पा अतिशय काटेकोर मापाने कोरावा लागे. काठ असलेले काडतूस नळीच्या तोंडाशी आपल्या काठावरच अडते. त्यामुळे कप्प्याच्या मापात थोडा फरक पडला तरी ते चालून जाते. जुनी यंत्रे आणि मर्यादित कुशल मनुष्यबळ असलेल्या कारखान्यांना हेच काडतूस परवडणारे होते. महाराष्ट्रातील पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीचे काडतूसही काठाचेच होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या स्वस्ताईची किंमत दुसरीकडे मोजावी लागत होती. मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेल्या काडतुसांचे काठ एकमेकांत अडकत. कधी दोन काडतुसे एकदम वर येत आणि रायफल ऐन वेळी अडून बसे. मोसिन यांनी मॅगझीनच्या बाजूला एक लहान स्प्रिंगची पट्टी बसविली. बोल्ट पुढे-मागे होताना ही पट्टी फक्त वरचे काडतूस मोकळे करते आणि खालची चार दाबून धरते. शिवाय रिकामे कवच बाहेर फेकण्याचे कामही तीच करते. काडतूस आणि कारखाना बदलण्यापेक्षा एक पट्टी वाढविणे कितीतरी स्वस्त होते.

रायफलीच्या बाकीच्या रचनेतही हाच विचार दिसतो. बोल्टचे भाग मोजके असून सैनिकाला ते हत्याराविना सुटे करता येत. बोल्टचे पुढचे टोक वेगळे असल्याने ते झिजले तर तेवढेच बदलता येई. चिखल, बर्फ आणि धूळ शिरली तरी हलत्या भागांना वाव राहील, अशी जागा सोडलेली होती. ज्यांना अक्षरओळखही नाही अशा शेतकऱ्यांच्या मुलांना ती थोड्या दिवसांत शिकविता येत होती. दोषही होतेच. बोल्टची मूठ आखूड आणि आडवी होती. सुरक्षा कळ इतकी कडक होती की थंडीत गारठलेल्या बोटांनी ती ओढणे कठीण जाई. संगिनीविनाही रायफलीची लांबी सुमारे १३० सेंटिमीटर होती आणि वजन चार किलोच्या आसपास भरे. हे दोष सैनिकाला त्रासदायक होते, पण रायफल बंद पाडणारे नव्हते.

नागां यांच्याशी स्पर्धा

निवड सरळ झाली नाही. बेल्जियममधील लिएज येथील शस्त्र उद्योजक लिऑन नागां यांनीही आपली रायफल सादर केली होती. तिची बनावट अधिक सफाईदार होती. सैन्यातील चाचण्यांनंतर समितीत मतभेद झाले आणि काही काळ पारडे नागां यांच्याकडे झुकले. मोसिन यांच्या बाजूने असलेल्या सदस्यांनी खर्चाचा आणि उत्पादनाचा मुद्दा लावून धरला. मोसिन यांची रायफल करायला सोपी व स्वस्त होती आणि रशियन कारखान्यांत ती लवकर सुरू करता येणार होती. अखेर त्यांच्याच रचनेवर शिक्कामोर्तब झाले. पट्टीतील पाच काडतुसे एकदम भरण्याची सोय व आणखी काही तपशील मात्र नागां यांच्या नमुन्यातून घेण्यात आले.

मोबदल्याचा हिशेब उलटा झाला. नागां यांना दोन लाख रूबल मिळाले, तर मोसिन यांना ३० हजार. नागां खासगी उद्योजक होते, मोसिन सरकारी नोकर. रचनेत परक्याचाही वाटा असल्याने रायफलीला कोणाचेच नाव न देण्याचा तोडगा काढण्यात आला. पुढे पाश्चात्त्य देशांत ‘मोसिन-नागां’ हे जोडनाव रूढ झाले. मोसिन यांना तोफखान्यातील प्रतिष्ठेचे मिखाइलोव्हस्की पारितोषिक मिळाले आणि कर्नलपदी बढतीही झाली. हाती आलेल्या पैशाने अर्सेन्येव्ह प्रकरणाची गाठ सुटण्यास मदत झाली. १८९१ मध्ये, ओळखीनंतर तब्बल १६ वर्षांनी, मोसिन आणि वारवारा विवाहबद्ध झाले.

त्याच वर्षी रशियावर भीषण दुष्काळ ओढवला. मोसिन यांचा जन्मप्रांत व्होरोनेझ आणि कर्मभूमी तुला हे दोन्ही प्रांत त्यात होरपळले. देशी कारखान्यांत नवी यंत्रे बसेपर्यंत थांबणे शक्य नसल्याने सुरुवातीच्या पाच लाख रायफली फ्रान्समधील शातेलरो येथील कारखान्यातून करून घेण्यात आल्या. त्यानंतर तुला, इझेव्हस्क आणि सेस्त्रोरेत्स्क या तिन्ही कारखान्यांत उत्पादन सुरू झाले. १८९४ मध्ये मोसिन सेस्त्रोरेत्स्क कारखान्याचे प्रमुख झाले. फिनलंडच्या आखातावरील या जुन्या कारखान्यात त्यांनी अखेरपर्यंत काम केले. १९०० मध्ये त्यांना मेजर जनरलपद मिळाले. ८ फेब्रुवारी १९०२ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ५२ वर्षांचे होते. आपली रायफल मोठ्या युद्धात उतरलेली त्यांनी पाहिली नाही. जपानशी युद्ध पेटले ते त्यानंतर दोन वर्षांनी.

निर्मात्यानंतरची वाटचाल

पहिल्या महायुद्धात रायफलींचा एवढा तुटवडा पडला की रशियाने अमेरिकेतील रेमिंग्टन आणि वेस्टिंगहाउस या कंपन्यांना लक्षावधी रायफलींची मागणी नोंदविली. परक्या देशातील कारखान्यांना ही रायफल करता आली, हे तिच्या साध्या रचनेचेच प्रमाणपत्र होते. काटकसरीचा कळस फिनलंडने केला. स्वतंत्र झालेल्या या छोट्या देशाने रायफलीचा मुख्य सांगाडा स्वतः कधीच तयार केला नाही. हाती आलेल्या जुन्या रशियन रायफलींच्या सांगाड्यांवर नव्या नळ्या आणि नवे दस्ते चढवून त्याने आपले सैन्य सज्ज केले. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सिमो हायहा या फिनिश नेमबाजाने अशाच रायफलीने सोव्हिएत सैन्याला जेरीस आणले. मोसिन यांचे शस्त्र त्यांच्याच देशावर उलटले होते.

सोव्हिएत राजवटीने १९३० मध्ये रायफलीत किरकोळ सुधारणा केल्या आणि अनेक दशके गाळलेले मोसिन यांचे नाव तिला जोडले गेले. स्टालिनग्राडच्या लढाईत १९४२ मध्ये वासिली झाइत्सेव्ह याने याच रायफलीवर दुर्बीण लावून नाव कमावले. त्या वर्षांत तयार झालेल्या रायफलींवर कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. सफाईला वेळ नव्हता, पण ज्या मोजक्या जागी माप अचूक हवे तेथे ते पाळले जात होते. तुला येथील हत्यारशाळेत मोसिन यांनी जाणलेला भेद अर्धशतकानंतर असा उपयोगी पडला. १९६० मध्ये तुला येथे त्यांच्या नावाने पारितोषिकही सुरू करण्यात आले.

या चिवटपणाची दुसरी बाजूही आहे. २०२२ च्या युक्रेन युद्धात दोनेत्स्क भागात रशियाच्या बाजूने घाईघाईने भरती केलेल्या काही जणांच्या हाती हीच रायफल दिसली. १८९१ च्या सैनिकासाठी ती काळाबरोबरची होती. १३१ वर्षांनंतर, स्वयंचलित शस्त्रे आणि ड्रोन यांच्या समोर, तीच रायफल हाती देणे म्हणजे माणसाच्या जिवाची किंमत कमी धरणे होते. मोसिन यांनी खर्च वाचविला तो लोखंडावर, यंत्रावर आणि वेळेवर. सैनिकाच्या हातातील शस्त्र ऐन वेळी अडू नये, ही एक गोष्ट त्यांनी त्या काटकसरीच्या हिशेबात कधी धरली नव्हती.