४२.३४ मीटर

पावसाळ्यातल्या एका रविवारी, सगळं पब्लिक भुशी डॅमवर गेलेलं असताना, मी सीनियर्सनी मागे ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर हॅम रेडिओचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर कंपाइल करत बसले होते. रॅम जेमतेम १ जीबी. कंपायलर दोनदा मेमरी संपून बंद पडला. शेवटी स्वॅप वाढवली, एका वेळी एकच फाइल घ्यायला लावली आणि मेसमध्ये जेवून आले, तर काम झालेलं! रिसीव्हर ७.०७४ मेगाहर्ट्झवर लावला आणि स्क्रीनवर दूरदूरच्या देशांतली स्टेशनं उमटू लागली.

मित्रांनो, याच फ्रिक्वेन्सीच्या अगदी शेजारी, ४२.३४ मीटरवर, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झवर, १९४२ साली मुंबईतून एक गुप्त रेडिओ चालायचा. त्यावरून बोलणारी मुलगी होती २२ वर्षांची. तिचं नाव उषा मेहता.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस गावी झाला. वडील इंग्रज सरकारचे न्यायाधीश, पण मुलगी आठव्या वर्षीच सायमन कमिशनविरुद्ध मोर्चात! पुढे कुटुंब मुंबईला आलं. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि कायदा शिकू लागल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर 'भारत छोडो'ची हाक आली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. उषाबेननी शिक्षण सोडलं आणि मित्रांसोबत काँग्रेस रेडिओ सुरू केला.

हे सोपं नव्हतं. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी रेडिओवर बंदी घालून सेट जमा करायला लावले होते. तरी ट्रान्समीटर उभा राहिला. पोलिसांना दिशा शोधता येऊ नये म्हणून जागा सारखी बदलायची. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांच्या बातम्या, ज्या कुठेच छापून येत नव्हत्या, त्या इथून लोकांपर्यंत गेल्या. डॉ. राममनोहर लोहियांचं मार्गदर्शन होतं.

१२ नोव्हेंबर १९४२ ला एका तंत्रज्ञाने फितुरी केली. धोका कळला होता, पळून जाता आलं असतं. पण उषाबेन त्या रात्रीही प्रक्षेपणाला गेल्या आणि तिथेच पकडल्या गेल्या. सहा महिने चौकशी चालली. सहकाऱ्यांविरुद्ध बोललीस तर परदेशात शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवलं गेलं. जिचा आवाज देशाने ऐकला, ती आता एक शब्द बोलेना. कोर्टातही नाही. शिक्षा झाली चार वर्षांची, आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. तिथे तब्येत पार ढासळली. १९४६ मध्ये सुटका झाली.

नंतर त्यांनी गांधीविचारांवर पीएच.डी. केली आणि विल्सन कॉलेजमध्ये तीस वर्षं शिकवलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या.

माझ्या कॉन्व्हेंटच्या इतिहासाच्या पुस्तकात 'क्विट इंडिया' एका परिच्छेदात संपला होता, त्यात हे नाव नव्हतं. येरवडा इथून लोणावळा लोकलने जेमतेम दोन तासांवर, तरी मला माहीत नव्हतं. आपलं कंपाइल फसलं तर पुन्हा 'मेक' टाइप करता येतं. उषाबेनना चूक परवडणारी नव्हती. मशीन कोणीही जोडेल. कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं, हे मात्र ते चालवणाऱ्यालाच ठरवावं लागतं.