वसईचे संत गोन्सालो गार्सिया

आमच्या अकलूजच्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीप्रसंगीं एका थोर पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. हे पुरुष परदेशस्थ नव्हत; आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वसईचे. हिंदभूमींत जन्मून ज्यांस पवित्र ख्रिस्तसभेनें संतपद दिलें, त्यांत पहिले हेच. हेंच चरित्र निवडण्याचें कारण असें कीं, आमच्यांतील कित्येकांस आपल्या मागल्या दिवसांची लाज वाटत असते. कोणास कुळाची, कोणास दारिद्र्याची, कोणास सुटलेल्या व्यसनाची, तर कोणास फसलेल्या कार्याची. जुन्या ओळखीचें माणूस समोरून आलें म्हणजे वाट बदलावी, असें मनास होतें.

गोन्सालोंचा जन्म १५५६ च्या सुमारास झाला. पिता पोर्तुगीज, माता याच देशची. येशुसंघाच्या फादरांपाशीं त्यांचें शिक्षण झालें, आणि कोवळ्या वयांतच ते त्यांच्यासमवेत जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली व सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. संघांत आपणांस घ्यावें ही त्यांची मनापासून इच्छा होती. परंतु ती सफल झाली नाहीं. या देशांत जन्मलेल्या व मिश्र वंशाच्या तरुणांस घेण्यास त्या काळीं वरिष्ठ कचरत असत. ज्या घराची सेवा केली त्याच घराचें दार बंद राहावें, याहून मोठी मानहानि कोणती? गोन्सालो निघाले व व्यापारांत पडले. व्यापारास बरकत आली. पण अंतःकरणाची तळमळ पैशानें शमली नाहीं.

पुढें मनिला येथें त्यांनीं व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश केला. तेथेंही ते गुरुपदास चढले नाहींत. साधे ब्रदरच राहिले. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्टिस्टा हे फिलिपाइनच्या गव्हर्नराचे वकील म्हणून जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे निघाले, तेव्हां दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर गेले. ज्या देशांत नकार पदरीं पडला होता, त्याच देशांत ते दरिद्री संन्याशाच्या वेषांत परतले. लाज बाळगणारा मनुष्य तें ठिकाण टाळता. ते गेले, आणि नकारांत संपलेल्या वर्षांत शिकलेली भाषाच आतां प्रभूच्या कामीं आली. क्योतो येथें मंदिर उभें राहिलें व महारोग्यांची शुश्रूषा सुरू झाली.

१५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरून हिदेयोशींचा संशय बळावला व ख्रिस्ती मंडळी कैद झाली. १५९७ च्या जानेवारींत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांस गाड्यांतून शहरभर फिरविलें. लोकांनीं हंसावें, कैद्यांनीं मान खालीं घालावी, हाच हेतु. पण ज्याची मान क्रुसापुढें एकदां लवली, तिला लोकांच्या हंसण्यानें लवविणें शक्य नव्हतें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेंकडीवर सव्वीस जण क्रुसावर भाल्यांनीं विद्ध झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशुसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. ज्या संघांत गोन्सालोंस जागा मिळाली नाहीं, त्या संघाचे बंधु त्याच ओळींत क्रुसावर होते. तेथें कोण कोणत्या कुळाचा, हा प्रश्न उरला नव्हता.

पोप आठवे अर्बन यांनीं १६२७ सालीं त्यांस धन्यपद दिलें, व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं संतपद दिलें. वसईजवळील गास येथें त्यांच्या नांवाचें मंदिर आहे.

वाचकहो, प्रभु आपला भूतकाळ पुसून टाकीत नाहीं; तो हातीं घेऊन कामास लावितो. नीरेच्या कांठीं राहणाऱ्या आम्हांसही हें शक्य आहे. जें पाप असेल तें पापनिवेदनांत ठेवावें. जें केवळ दैवानें आलें त्याची लाज सोडावी, आणि ताठ मानेनें वेदीपाशीं यावें. संत गोन्सालो आम्हांसाठीं विनंति करोत.